उत्पन्नाचा रकाना



मी काही वक्ता नाही. साच्यावर उभे राहून उमेद गेली, वाचायची गोडी लागली ती गिरणीच्या दारात वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर. 'रेशन आणि आपण' हा विषय मला दिला, कारण गेली कित्येक वर्षे मी लोकांचे रेशनचे फॉर्म भरून देतो. तेवढाच माझा अधिकार.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. बापाचा पगार बंद. आईने हातात पिशवी दिली आणि रेशनच्या लाइनीत उभे केले. तांदळात खडे असायचे, पण बाप किती कमावतो हे दुकानदाराने कधी विचारले नाही. मुंबईत १९४३ साली, लढाईच्या दिवसांत, रेशनिंग आले तेव्हापासून कार्ड असले की धान्य, असा साधा हिशेब होता. १९९७ ला सरकारने दारिद्र्यरेषेच्या खालचे आणि वरचे अशी वाटणी केली. १ मे १९९९ पासून आपल्याकडे पिवळे, केशरी, पांढरे कार्ड आले. तेव्हापासून पोटाच्या आधी कागद बघतात.

२०१३ चा अन्न सुरक्षा कायदा चांगला आहे, हे आधीच सांगतो. माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. तीन रुपयांनी तांदूळ आणि दोन रुपयांनी गहू होता, तो जानेवारी २०२३ पासून फुकट झाला. 'फुकट' हा शब्द मला आवडत नाही. कायद्यात लिहिले म्हणजे तो हक्क झाला. घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कार्डावर कुटुंबप्रमुख, हेही त्याच कायद्यात आहे. कित्येक नवऱ्यांना ते अजून पचलेले नाही!

घोडे अडते ते उत्पन्नाच्या रकान्यात. आपल्या राज्याने शहरातल्या कुटुंबाला वर्षाची मर्यादा घातली ५९,००० रुपये, गावात ४४,०००. २०२४ सालीही आकडा तोच होता. बाराने भागा, महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. चार घरची भांडी घासणारी बाईही त्याच्या वर जाते.

दोन शेजारणी माझ्याकडे आल्या. दोघींच्या घरी चार-चार माणसे, दोघी धुण्याभांड्याला जातात. पहिलीने विचारले, "भाऊ, कमाई किती लिहू?" मी म्हणालो, लिहा अठ्ठावन्न हजार. तिने सही केली. दुसरी म्हणाली, "मला महिन्याला आठ हजार मिळतात, तेच लिहा. विहारात शील घेते मी, खोटे कसे लिहू?" मी शहाण्णव हजार लिहिले. पहिलीला दर महिन्याला वीस किलो धान्य मिळते. दुसरीच्या हातात केशरी कार्ड आहे, धान्य नाही.

पुढे दुसरीची कमाई खरोखरच बुडाली, दोन घरची कामे सुटली. पुन्हा अर्ज केला तर उत्तर आले, इष्टांक भरला. इष्टांक म्हणजे काय? २०११ च्या जनगणनेवरून महाराष्ट्राला सुमारे ७ कोटी माणसांचा आकडा बांधून दिला, शहरात शंभरातली ४५. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे कुणाचे नाव कमी होईल तेव्हा हिचे लागेल. शेजारीण मरायची वाट बघायची काय?

पहिलीला कुणी खोटारडी म्हणू नये. आकडा मी सांगितला होता. असे किती फॉर्म भरले, मोजलेले नाहीत. पौर्णिमेला सगळ्यांबरोबर चौथे शील म्हणताना माझा आवाज बारीक होतो, हे आज पहिल्यांदाच चारचौघांत बोलतो आहे.

या कायद्याखाली तक्रार ऐकायला जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, वर राज्य अन्न आयोग आहे. मर्यादा वाढवा, इष्टांक वाढवा, असा अर्ज मी लिहून आणला आहे. काहीजण विचारतात, खरी कमाई लिहिली आणि आहे ते धान्य बंद झाले तर? भीती बरोबर आहे. म्हणून दोन कागद केलेत. ज्यांना धान्य मिळतच नाही त्यांनी खऱ्या आकड्यासकट सही करायची, बाकीच्यांनी नुसत्या मागणीवर. दुसऱ्या बहिणीने काल रात्रीच सही केली. कागद बाहेर चपलांजवळच्या टेबलावर आहेत. पेन आपापले आणा, मागच्या वेळी माझी तीन पेने गेली.