डोळ्याचा दाब आणि पारपटलाची जाडी



आम्ही बँकेतील कारकून, डॉक्टर नव्हे. तरीही आज डोळ्याविषयी दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

बुबुळावरील पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. नागपूरजवळच्या ८ खेड्यांत डॉ. विनय नांगिया व सहकाऱ्यांनी तिशीपुढील ४७११ लोकांचे डोळे तपासले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती जाडी सरासरी ५१४ मायक्रॉन भरली. अमेरिकेत डोळ्याचा दाब वाढलेल्या लोकांच्या एका अभ्यासात ती कृष्णवर्णीयांत ५५६ व गोऱ्यांत ५७९ आढळली.

यावरून कोणी श्रेष्ठ-कनिष्ठ ठरत नाही. एकाच गावातही ती माणसागणिक बदलते. पण हिशेबात फरक पडतो. डोळ्याचा दाब पारपटलावर हलका भार देऊन मोजतात. पडदा पातळ असला की तो सहज दबतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. खातेवहीत शिल्लक बरोबर आणि तिजोरीत मात्र तूट, तसा हा प्रकार! काचबिंदू चोरपावलांनी येतो आणि त्यात गेलेली दृष्टी परत मिळत नाही.

म्हणून भंडारा, तुमसर, पवनीकडील आपल्या माणसांना आमची विनंती आहे: चाळिशीनंतर, आणि घरात कोणाला काचबिंदू असल्यास त्याआधीच, डोळे तपासून घ्या. नुसत्या दाबाच्या आकड्यावर समाधान मानू नका. पारपटलाची जाडी मोजली का, डोळ्याची नस पाहिली का, हे डॉक्टरांना विचारा. विद्यार्थी मित्रहो, आईवडिलांना तुम्हीच घेऊन जा.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवितो. जय भीम!