चावी कुणाकुणाकडे आहे?

(भोकर येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सांगण्यात आलं होतं की क्लाउडवर बोला, पण पोरांना झोप येईल असं बोलू नका. म्हणून व्याख्येपासून सुरुवात करत नाही, एक प्रश्न विचारतो. शिष्यवृत्तीच्या दिवसांत तुमच्यातले कितीतरी जण मुलामुलींचे फॉर्म भरून देता. आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, गुणपत्रक, फोटो, आईचा मोबाईल नंबर, सगळं गूगल ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये जातं. ते फोल्डर आज किती जण उघडू शकतात? तुम्ही म्हणाल, आम्ही चौघं. मग गेल्या वर्षी जे काम सोडून पुण्याला, हैदराबादला, आखातात गेले, ते या चौघांत धरलेत का?

बहुतेक ठिकाणी एकच जीमेल खातं असतं. पासवर्ड म्हणजे संस्थेचं नाव आणि पुढे १२३. तो सगळ्यांना पाठ. नावं ठेवायला म्हणून हे सांगत नाही; कामाच्या गर्दीत असंच होतं, आणि माझ्या क्षेत्रातल्या भल्याभल्या कंपन्यांतही होत आलं आहे. पण त्या फोल्डरमधले कागद आपले नाहीत. लोकांनी विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली ती अमानत आहे. आपल्या घरांत हा शब्द फार हलक्या हाताने वापरत नाहीत.

मी इथलाच, भोकरचा. नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि नोकरीच्या निमित्ताने बाहेर पडलो. माझं रोजचं काम एका वाक्यात सांगायचं तर, क्लाउडमध्ये कुणाला आत घ्यायचं, कुठल्या खोलीपर्यंत जाऊ द्यायचं आणि कधी बाहेर काढायचं, याचे प्रोग्राम लिहिणं.

उदाहरण म्हणून ॲमेझॉनचा क्लाउड घेऊ, त्याला एडब्ल्यूएस म्हणतात. त्यांचं मुंबईचं केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं आणि हैदराबादचं २०२२ मध्ये. भोकरला हैदराबादच जवळचं. आपले पणजोबा हायकोर्टाच्या कामाला तिकडेच जायचे. गंमत अशी की डेटा हैदराबादला ठेवला, तरी नवा यूजर तयार करण्याचा किंवा जुना काढण्याचा हुकूम आधी अमेरिकेत, उत्तर व्हर्जिनियाला जातो आणि तिथून सगळ्या केंद्रांवर पसरतो. हुकूम सुटला त्याच क्षणी सगळीकडे अंमल झाला, असं धरून चालता येत नाही. प्रोग्रामला जरा थांबून पुन्हा तपासावं लागतं.

हे हुकूम देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, माणूस वेबसाइटवर जाऊन बटणं दाबतो. दुसरा, एपीआय. तहसीलच्या खिडकीवर ठरलेल्या नमुन्यातच अर्ज द्यावा लागतो ना? एपीआय ही तशी खिडकी आहे. फरक इतकाच की अर्ज माणसाऐवजी प्रोग्राम देतो. 'क्रिएट यूजर' हा एक अर्ज. 'ॲड यूजर टू ग्रुप' हा दुसरा. दोनशे लोकांना हाताने परवानग्या द्यायला बसलं की शंभराव्या माणसाला कंटाळून 'द्या याला सगळंच' असं होतं. प्रोग्राम कंटाळत नाही. शिवाय कुणी, कधी, कुठला अर्ज केला याची नोंद क्लाउडट्रेल नावाच्या वहीत होत राहते, आणि मागच्या ९० दिवसांच्या अशा नोंदी पैसे न मोजता बघता येतात.

यातला मूळ नियम मला फार पसंत आहे. नवा यूजर तयार झाला की त्याला काहीही करता येत नाही. दार बंद. मग 'पॉलिसी' नावाचा कागद जोडायचा. त्यात लिहायचं की कुठल्या वस्तूवर, कुठली कृती, कुठल्या अटीवर चालेल. फोल्डर वाचता येईल, पुसता येणार नाही, असं बारीक लिहिता येतं. आणि एखाद्या कागदावर स्पष्ट 'मनाई' लिहिली असेल, तर दुसऱ्या दहा कागदांवर 'परवानगी' असली तरी मनाईच चालते.

आता 'रोल'. इंग्रजी पुस्तकांतली व्याख्या मला कॉलेजात काही केल्या पटकन कळली नव्हती. आपल्या जमिनींच्या कागदांवरून कळली. निजामाच्या काळात मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या सेवेसाठी खिदमतमाश इनाम दिले जात. मुन्तखबात त्याची नोंद असे. खिदमत करतोय तोवर जमिनीचं उत्पन्न घ्यायचं. जमीन विकायचा हक नाही. त्या जमिनींचं मराठवाड्यात पुढे काय काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. क्लाउडमधला रोलही असाच आहे. हक कामाला जोडलेला, माणसाला नाही. काम करणारा 'अज्यूम रोल' असा अर्ज देतो आणि त्याला तात्पुरती चावी मिळते. ती कमीत कमी १५ मिनिटांची, जास्तीत जास्त १२ तासांची. काही सांगितलं नाही तर एक तासाची. वेळ संपली की चावी आपोआप निकामी.

याउलट दुसरी असते ती कायमची चावी, 'ॲक्सेस की'. तिला मुदतच नसते. एकदा दिली की कुणी आठवणीने बंद करेपर्यंत ती चालते. प्रोग्राममध्ये लिहून ठेवली आणि तो प्रोग्राम कुठे पडला, तर उचलणाऱ्याच्या हाती सगळं घर. २०१६ मध्ये उबरचं असंच झालं. कंपनीच्या इंजिनिअरांचा कोड गिटहबवर ठेवलेला होता, चोर तिथे शिरले, त्यात एडब्ल्यूएसची चावी सापडली, आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती त्यांच्या हाती गेली. उबरने चोरांना १ लाख डॉलर देऊन गप्प केलं आणि जगाला सांगितलं २०१७ च्या नोव्हेंबरात.

पण चावी देण्यापेक्षा काढून घेण्याचं काम जास्त किचकट आहे, आणि माझा निम्मा वेळ त्यातच जातो. वेबसाइटवर बसून यूजर काढला तर यंत्रणा त्याची सगळी लफडी आपणहून आवरते. एपीआयच्या खिडकीवर 'डिलीट यूजर' असा अर्ज नुसता टाकला, तर तो फेटाळला जातो. आधी त्याचा पासवर्ड काढा. चाव्या काढा. त्या एका माणसाला दोन असू शकतात, दोन्ही बघा. गटांतून नाव कमी करा. जोडलेल्या पॉलिसी सोडवा. मोबाईलवरचा ओटीपी यंत्रणेला जोडला असेल तो सोडवा. मग अर्ज मंजूर होतो. नव्या मुलांना याचा वैताग येतो. मला ही कटकट आवडते, कारण एका माणसाला आपण किती दारांनी आत घेतलं होतं, ते या निमित्ताने मोजावं लागतं. निरोप समारंभात शाल, श्रीफळ दिलं म्हणजे माणूस गेला असं आपण समजतो. त्याची चावी मात्र चालूच असते.

त्यातही एक खड्डा आहे. 'लिस्ट यूजर्स' म्हणून यादी मागितली की सहसा पहिली १०० नावंच येतात, आणि सोबत एक छोटी खूण येते की अजून आहेत. ती खूण न बघणारा प्रोग्राम शंभर जणांची तपासणी करतो आणि 'सगळं ठीक' असा अहवाल देतो. एकशेएकावा माणूस निवांत. चावी शेवटची कधी वापरली गेली, हेही विचारता येतं. वापर थांबून बरेच दिवस झालेली चावी आधी निष्क्रिय करायची, चार दिवस कुणी ओरडतं का बघायचं, मग पुसायची.

हे सगळं कंपन्यांचं आहे असं वाटत असेल, तर आपल्याकडे या. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. जानेवारी २०१८ मध्ये 'द ट्रिब्यून'ने बातमी छापली की ५०० रुपये देऊन, दहा मिनिटांत, त्यांच्या बातमीदाराला एक लॉगिन मिळालं; आधार क्रमांक टाकला की नाव, पत्ता, फोटो, फोन समोर. आधार प्राधिकरणाचं म्हणणं असं होतं की बोटांचे ठसे वगैरे सुरक्षित आहेत, तक्रार निवारणासाठी दिलेल्या शोधसुविधेचा गैरवापर झाला. तेच मान्य करू. म्हणजे कुलूप फोडलं गेलंच नव्हतं. कामापुरती दिलेली चावी बाजारात फिरत होती. बातमीत गावपातळीवरच्या केंद्रचालकांचा उल्लेख होता, ज्यांचं आधारचं काम काढून घेतलं गेलं होतं. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी, फॉर्म भरून देणारी माणसं.

इथे बसलेल्या मुलींना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. १ जानेवारी २०२२ रोजी मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडणारं ॲप गिटहबवर दिसलं. मुंबई पोलिसांनी त्यात अटक केली. ते फोटो सोशल मीडियावरून उचललेले होते, कुठल्या संस्थेच्या फोल्डरमधून नव्हेत. पण आपल्या फोल्डरमध्ये फोटोसोबत पत्ता, शाळा आणि फोन नंबरही असतो, एवढा विचार करा.

दुसरं उदाहरण गेल्या वर्षीचं. वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी केंद्र सरकारने ६ जून २०२५ ला 'उमीद' पोर्टल सुरू केलं. कायद्यावरचा वाद आज इथे काढत नाही, तो मोठा आहे. फक्त रचना बघा. मेकर, चेकर, अप्रूव्हर: भरणारा एक, तपासणारा दुसरा, मंजूर करणारा तिसरा. फेरफारातही तलाठी नोंद घेतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, तोच प्रकार. एका हाताने नोंद आणि त्याच हाताने मंजुरी, हे टाळायचं. याची किंमत वेळेत मोजावी लागते. ६ डिसेंबरला मुदत संपली तेव्हा ५,१७,०४० मालमत्तांची नोंद सुरू झाली होती आणि मंजुरीपर्यंत पोचल्या होत्या २,१६,९०५. मुदतीची अशी तलवार डोक्यावर असली की 'चाचा, तुमचा ओटीपी सांगा, मी भरतो' हे सुरू होतं. एखाद्या वयस्कर मुतवल्लींचं खातं मदत करणाऱ्या पोराच्या ई-मेलवर, त्याच्या मोबाईल नंबरवर उघडलं गेलं असेल, तर कागदावर मेकर मुतवल्ली आहेत आणि चावी त्या पोराकडे. पोरगा चांगलाच असेल. उद्या तो सिम बदलेल, दुबईला जाईल, नाहीतर कमिटीत त्याचं भांडण होईल. मशिदीच्या कमिट्यांत भांडणं होतात हे मी नव्याने सांगत नाही. तुमच्यापैकी कुणी असं खातं उघडून दिलं असेल, तर ईदच्या आधी नंबर आणि ई-मेल बदलून घ्या. पोर्टलवर बदलता येत नसेल, तर वक्फ बोर्डाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

राहिला आपला ड्राइव्ह. त्याला एडब्ल्यूएस लागत नाही, पैसेही लागत नाहीत. सामाईक जीमेलचा पासवर्ड बदलून दोन जबाबदार माणसांकडे ठेवा. बाकीच्यांना त्यांच्या स्वतःच्या खात्यावर परवानगी द्या: बघायची, शेरा लिहायची किंवा बदलायची. फॉर्म भरणाऱ्याला सगळ्या गावाचं फोल्डर कशाला? त्याच्या वाट्याची पंधरा मुलं, तेवढंच. 'लिंक असलेल्या कुणालाही' ही सोय आपल्या कामात कुठेच नको. ती लिंक व्हॉट्सॲपच्या गटात एकदा गेली की तुमच्या हातात राहत नाही.

गूगलचं ॲप्स स्क्रिप्ट फुकट आहे. वीस-पंचवीस ओळींत असा प्रोग्राम होतो, जो फोल्डरमधली प्रत्येक फाइल घेतो, ती कुणाकुणाला उघडते ते विचारतो आणि शीटमध्ये यादी लिहितो. लिंकवर उघडी सापडली तर बंद करतो. महिन्याला आपोआप चालवता येतो. एक काळजी घ्या: परवानगी वरच्या फोल्डरला दिलेली असेल तर फाइलवरून नाव काढून भागत नाही, फोल्डरवरून काढावं लागतं. आणि ज्याने आधीच उतरवून घेतलंय, त्याच्या फोनमधून ते कुठलाही प्रोग्राम परत आणू शकत नाही. म्हणून काम झालं की कागदच ठेवू नका. शिष्यवृत्ती जमा झाली, फाइल पुसा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसावी.

तो प्रोग्राम मी सोबत आणला आहे. नमाजच्या वेळेला अजून पाऊण तास आहे. ज्यांनी लॅपटॉप आणलाय त्यांनी पुढच्या टेबलापाशी या, ज्यांनी नाही आणला त्यांनी शेजारी बसा. आधी नुसती यादी काढू, काही पुसायचं नाही. यादीत ओळखीचं नसलेलं पहिलं नाव दिसलं की मला हाक मारा.