वर्गातील दादागिरी आणि पाहणारी मुले



मुलांची भांडणे व्हावयाचीच, असे म्हणून जो प्रश्न शाळाशाळांतून बाजूला सारला जातो, त्याचा विचार पलूससारख्या तालुक्याच्या गावी व्हावा, हे उचितच होय. आरंभीच एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. सारख्या ताकदीची दोन मुले क्रिकेटच्या डावावरून हमरीतुमरीवर येतात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा एकाच डब्यात हात घालतात, ते भांडण. छळाची गोष्ट निराळी. तेथे एक बाजू वयाने, अंगबळाने, घरच्या तोऱ्याने किंवा नुसत्या संख्येने वरचढ असते; दुखविण्याचा हेतू असतो; आणि तोच प्रकार त्याच मुलाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतो. वरचढपणा, हेतू आणि पुनरावृत्ती ही तीन लक्षणे नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी मांडली व ती पुढे जगभर मान्य झाली. चौथीच्या मुलालाही ती समजतात. ‘तो तुला एकदा बोलला, की रोज बोलतो? तुला उलट बोलता येते का? तुला रडू आले की तो थांबतो, की त्याला अधिक चेव येतो?’ एवढे तीन प्रश्न पुरतात.

मारहाण डोळ्यांना दिसते, म्हणून तिची दखल घेतली जाते. पण रंगावरून, व्यंगावरून, बापाच्या धंद्यावरून पाडलेले नाव, लपविलेल्या चपला, नळावर पाणी पिताना दिलेला धक्का, सगळ्या वर्गाने ठरवून घेतलेली कट्टी यांचा वळ अंगावर उठत नाही. मुलींमध्ये तर हा अबोल्याचा मार विशेष आढळतो. अलीकडे त्यात मोबाईलची भर पडली असून, वर्गात झालेली टर संध्याकाळी छायाचित्रासह घरोघर पोहोचते. पूर्वी शाळा सुटली की पोराची निदान तेवढ्यापुरती सुटका होत असे.

यातील सर्वांत कठीण भाग असा की, छळ पुष्कळदा रीत म्हणून वावरतो. नोव्हेंबर १९०० मध्ये साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट रोज घरून आणावे व परत न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे. शिपाई नसला की तहान तशीच राही. त्या शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ही काही एका खोडकर मुलाची करणी नव्हती. सारा वर्ग ते रोज पाहत होता आणि पाहून पाहून त्याला ते स्वाभाविक वाटत होते. विद्यार्थी दिवसाच्या कार्यक्रमात बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर भाषणे होतात, ती व्हावीतच. पण त्या दिवशी ‘त्या वर्गात तुम्ही असता तर काय केले असते?’ हा प्रश्न मुलांपुढे ठेवला, तर तो तास वाया जाणार नाही.

कारण दादागिरीची किल्ली बहुधा पाहणाऱ्यांच्या हाती असते. नॉर्वेमध्ये तीन मुलांनी जीव दिल्यानंतर १९८३ साली तेथील शासनाने देशभर मोहीम हाती घेतली. त्या वेळी बर्गेन शहरातील ४२ शाळांत ओल्वेयस यांनी जो कार्यक्रम राबविला, त्याने दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. अन्यत्र इतके यश आले नाही, हेही सांगितले पाहिजे. कागदावरचा कार्यक्रम आणि रोज पाळलेला कार्यक्रम यांत अंतर पडतेच. पुढे कॅनडात शाळांच्या मैदानांवरील प्रसंगांचे चित्रीकरण करून अभ्यास झाला. त्यात असे दिसले की, जेथे एखादे मूल मध्ये पडले, तेथे निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. मध्ये पडणारी मुले मात्र थोडी होती.

कुंडलच्या परिसराला हे नवे वाटू नये. १९४३ नंतरच्या दोनतीन वर्षांत कुंडल हे प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र होते आणि क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या सहकाऱ्यांनी परकी सत्तेशी झुंजतानाच गावगुंडांचाही बंदोबस्त केला. गुंडाचे बळ त्याच्या मनगटात थोडे आणि गावाच्या मौनात अधिक असते, हे या भागाने पाहिलेले आहे. अर्थात त्या काळच्या शिक्षा वर्गात आणावयाच्या नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे, आणि छडीने मारणारा शिक्षक ‘बलवानाने दुबळ्याला मारावे’ हाच धडा देत असतो.

मग मुलांना शिकवावयाचे काय? प्रथम, सांगणे म्हणजे चहाडी नव्हे. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून केली जाते ती चहाडी. कोणाचा तरी त्रास थांबावा म्हणून बोलले जाते ते सांगणे. हा भेद परिपाठात एकदा सांगून भागत नाही. पोरे लहानपणापासून ‘चहाडखोर’ या शब्दाला भितात. दुसरे, ज्याच्यावर प्रसंग येतो त्याने मोठ्या, ठाम आवाजात ‘थांब’ म्हणावे, गर्दीच्या दिशेने चालू लागावे आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगावे. हे वर्गात प्रत्यक्ष करवून घ्यावे लागते. घाबरलेल्या मुलाच्या तोंडून आवाज आपोआप फुटत नाही. ‘तूही दोन लगाव’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला प्रेमापोटी येतो, पण दोन लगावता आल्या असत्या तर ते पोर छळाला बळी पडलेच नसते. तिसरे, आणि महत्त्वाचे, पाहणाऱ्यांना सोपी कामे द्यावीत. हसू नये. त्या मुलाला ‘चल, बाईंनी बोलावलंय’ म्हणून बाजूला न्यावे. मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी बसावे. धाडस फारसे न लागणारी ही कामे आहेत. म्हणूनच ती होतात.

शिक्षकांनी एक चूक कटाक्षाने टाळावी. दोघांना समोरासमोर उभे करून ‘हात मिळवा, झाले गेले विसरा’ असा समेट भांडणात शोभतो. छळात तो केल्यास दुबळ्या मुलाला दुसऱ्याच्या नजरेसमोर ‘काही नाही, सर’ म्हणावे लागते आणि शाळा सुटल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. दोघांशी निरनिराळे बोलावे. दांडगाई करणाऱ्या मुलालाही टाकून देऊ नये. घरी तो स्वतः कोणाच्या हाताखाली आहे, याची चौकशी करावी.

शाळेतील तक्रारपेटी, २०२२ पासूनची सखी सावित्री समिती, मुलांसाठीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १०९८ ही साधने उपलब्ध आहेत. पेटीचे कुलूप गंजले असेल तर तिचा उपयोग भिंतीला तेवढा. पंचायत सदस्यांचे काम कुंपणाबाहेर सुरू होते. एस. टी. चा थांबा, गाडीतील मागची बाके, शाळेकडे जाणारी उसाच्या फडांमधली पायवाट येथे शिक्षक नसतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात; त्यांनी मुलांकडूनच विचारून घ्यावे की भीती कोठे आणि किती वाजता वाटते. उत्तरे एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवू लागली, की तेथे एक दिवा किंवा सुट्टीच्या वेळी एक मोठे माणूस ठेवणे ग्रामपंचायतीला जड नाही.

आता दिवाळीनंतरचा विचार. कृष्णाकाठच्या कारखान्यांची धुराडी पेटली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, आणि त्यांची मुले वर्षाच्या मध्येच या शाळांत दाखल होतात. कागदपत्रे नसली तरी प्रवेश नाकारता येत नाही. वर्गात प्रवेश मिळतो, बाकावर मिळतोच असे नाही. त्यांची बोली वेगळी, कपड्यांवर फडातली धूळ, पुस्तके मागे राहिलेली, आणि चार महिन्यांनी निघून जावयाचे. चिडविणाऱ्याला याहून सोयीचे सावज कोणते? चार दिवसांनी ते पोर शाळेत येईनासे होते, पालापाशी धाकट्या भावंडाला सांभाळत बसते, आणि हजेरीपत्रकात ‘स्थलांतरित’ एवढाच शेरा पडतो. खरे कारण कोणी लिहीत नाही.

तेव्हा टोळ्या येण्यापूर्वीच्या आठवड्यात वर्गाची तयारी करावी. कोणती मुले येणार, ती किती लांबून येतात, आईबाप पहाटे किती वाजता फडात उतरतात, हे वर्गाला सांगावे. त्यांच्या बोलीतले चार शब्द फळ्यावर लिहावेत. प्रत्येक नव्या मुलामागे एक जुना सोबती नेमावा आणि पहिल्या दिवशी ते मूल दारात उभे राहील, तेव्हा कोणाच्या बाकावर त्याने बसावयाचे, हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे.