जॉर्ज वॉकेम : वकील, मुख्यमंत्री आणि न्यायमूर्ती

जॉर्ज अँथनी वॉकेम यांचा जन्म १८३४ साली आयर्लंडमधील न्यूरी या गावी झाला. १८४७ मध्ये त्यांचे कुटुंब कॅनडात येऊन स्थायिक झाले. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी कायद्याचे अध्ययन केले व वकिलीची सनद मिळविली. पुढे पॅसिफिक किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया या वसाहतीत, कॅरिबूच्या डोंगरांत, सोने सापडल्याची वार्ता पसरली, आणि १८६२ मध्ये वॉकेम तेथे दाखल झाले. सोन्यामागोमाग हद्दीचे तंटे येतात आणि तंट्यांमागोमाग वकील, हे ओघानेच आले.

परंतु वसाहतीचे न्यायाधीश मॅथ्यू बेग्बी हे विलायतेत तयार झालेल्या वकिलांखेरीज इतरांस आपल्यापुढे उभे राहू देण्यास राजी नव्हते. कॅनडात शिकलेल्या वॉकेम यांना त्यांनी प्रवेश नाकारला. अखेर गव्हर्नर जेम्स डग्लस यांनी १८६३ मध्ये नवा कायदा केला, तेव्हा ते दार उघडले.

१८६४ पासून वॉकेम कायदेमंडळात बसू लागले. १८७१ मध्ये वसाहत कॅनडाच्या संघराज्यात सामील झाली. दोन वर्षांत रेल्वेचा आरंभ व दहा वर्षांत पूर्तता, हे वचन त्या सामिलीकरणाच्या मुळाशी होते. १८७४ मध्ये वॉकेम प्रांताचे मुख्यमंत्री झाले, तरी रुळांचा पत्ता नव्हता. त्याच वर्षी त्यांनी थेट लंडन गाठून वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हन यांच्यापुढे प्रांताचे गाऱ्हाणे मांडले. १८७६ मध्ये त्यांचे मंत्रिमंडळ कोसळले. १८७८ मध्ये ते पुन्हा सत्तेवर आले आणि वचन न पाळल्यास संघराज्यातून बाहेर पडू, असा ठराव विधिमंडळाने त्यांच्याच कारकीर्दीत संमत केला.

याच वर्षी त्यांच्या सरकारने आणखी एक कायदा केला. बारा वर्षांवरील प्रत्येक चिनी माणसाने दर तीन महिन्यांस दहा डॉलर भरून परवाना घ्यावा, असा तो कायदा होता. न्यायमूर्ती जॉन हॅमिल्टन ग्रे यांनी त्याच वर्षी तो रद्दबातल ठरविला : परकीयांविषयी व व्यापाराविषयी कायदे करण्याचा अधिकार संघराज्याचा, प्रांताचा नव्हे. बहुमताने उचललेला हात न्यायासनाने धरला.

१८८२ मध्ये वॉकेम स्वतःच त्या प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि सुमारे वीस वर्षे त्या पदावर राहिले. ज्या रेल्वेसाठी ते झगडले, तिचा अखेरचा खिळा १८८५ मध्ये ठोकला गेला. ती पर्वतांतून नेण्यासाठी हजारो चिनी मजूर राबले होते. वॉकेम १९०८ मध्ये निवर्तले.

त्यांच्या निधनाच्या आदल्याच वर्षी, १९०७ मध्ये, ब्रिटिश कोलंबियाने तेथील भारतीयांचा मताधिकार काढून घेतला. चिनी लोकांचा तो पूर्वीच गेला होता. पुढे मतदारयादीत नाव नाही म्हणून या दोन्ही समाजांतील तरुणांस त्या प्रांतात वकिलीची सनदही मिळेनाशी झाली. भारतीय व चिनी यांना मताधिकार परत मिळाला तो १९४७ मध्ये.

परका म्हणून अडविला गेलेला माणूस कायद्याच्या बळावर आत येतो, मंत्री होतो, न्यायासनावर बसतो. आणि मागून येणाऱ्यांसाठी तेच दार पुन्हा लोटले जाते. दार लोटणाऱ्या हातांत त्याचाही हात असतो, ही वॉकेम यांच्या चरित्रातील बोचणारी गोष्ट होय. म्हणूनच ज्याला प्रवेश मिळाला त्याच्या सौजन्यावर न्याय सोपवून भागत नाही. त्यासाठी सत्तेला मर्यादा घालणारा कायदा आणि तो निर्भयपणे वाचणारा न्यायाधीश, दोन्ही लागतात.