स्त्रियांचा एक न बोलला जाणारा विकार
(महिला पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय आपल्या घरांत आईसुद्धा मुलीजवळ काढीत नाही. खोकला आला, शिंक आली, घागर उचलली की लघवीचे थेंब सुटतात; किंवा एकाएकी घाई होते आणि मोरीपर्यंत पोचता येत नाही. "आता वय झाले," असे म्हणून बायका गप्प राहतात.

हा विकार विरळा नाही. लखनौ येथे रुग्णालयात आलेल्या ३००० स्त्रियांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांना हा त्रास होता. म्हणजे पाचांत एकीहून अधिक! आपल्या महाराष्ट्रात डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पण आधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. दुखणे अंगात आणि कुलूप तोंडाला, अशी ही गत आहे.

हे कशाने होते? मूत्राशय व गर्भाशय यांना खालून तोलून धरणारे स्नायू असतात. पुष्कळ बाळंतपणे, अडलेली प्रसूती, चाळिशीनंतरचे वय, पाळी जाणे, वाढलेले वजन, मधुमेह, दमा, जुना खोकला व बद्धकोष्ठ यांनी ते सैल पडतात किंवा मूत्राशय चिडते. बाळंतीण लगेच जड ओझी उचलू लागली तर स्नायूंवर ताण पडतो. तंबाखू आणि वारंवार चहा यांनीही त्रास वाढतो. गर्भाशय काढल्यानेही धोका वाढू शकतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून असा निर्णय करू नका.

काही भगिनी वजू टिकत नाही म्हणून नमाज सोडतात, लग्नकार्याला जात नाहीत, पाणी पिणे कमी करतात. पाणी तोडल्याने लघवी दाट होते, जळजळ व बद्धकोष्ठ वाढते. नमाजबाबत म्हणाल, तर अशा माजूर व्यक्तीला शरीअतने सवलत ठेवली आहे. जाणत्या आलिमांना विचारावे, नमाज सोडू नये.

उपाय सोपा आहे. अमेरिकन डॉक्टर केगेल यांनी १९४८ साली एक व्यायाम सांगितला. लघवी व वारा रोखताना आपण जे स्नायू आवळतो, तेच पाच सेकंद आवळावेत, मग सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने करावे. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये. त्याने गुण न आल्यास औषधे व शस्त्रक्रियाही आहेत. लघवीतून रक्त जात असेल, किंवा बाळंतपणानंतर लघवी सतत झिरपत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. देगलूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

मुलींनो, घरी गेल्यावर अम्मीला, दादीला हलकेच विचारा. आणि पालक बंधूंनो, पत्नीने दवाखान्याचे नाव काढले तर "कशासाठी?" म्हणून दटावू नका, सोबत जा. इल्म घरात पोचले, तरच शाळेचे सार्थक झाले.