पहिली दहा मिनिटे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘अग्निशमन दलातील अनुभव’ हा विषय दिला आहे. तीस वर्षे लाल गाडीवर काढली, त्यामुळे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण माझी पहिली आग मी नोकरीत पाहिली नाही. याच शाळेत आठवीत असताना पाहिली.

मार्च महिना होता. आमच्या आळीच्या टोकाला पेंढ्याच्या उडवीने पेट घेतला. शेजारी कौलारू घर, घराला लागून गोठा. कोणीतरी देवळातली घंटा वाजवली, पाठोपाठ चर्चचीही वाजू लागली, आणि वाड्यांमधून माणसे धावत आली. बावखलापासून उडवीपर्यंत दोन रांगा लागल्या. एका रांगेतून भरलेल्या बादल्या, हंडे, कळश्या पुढे. दुसरीतून रिकामी भांडी मागे. त्या दुसऱ्या रांगेत आम्ही पोरे होतो. दोघे जण कौलांवर चढून ओली गोणपाटे पसरत होते. गुरांची दावी आधीच कापली होती. उडवी गेली, घर वाचले. बंब आलाच नाही, कारण त्याला बोलवायला आळीत कोणाकडे फोन नव्हता.

त्या माणसांची कुठल्या कागदावर नोंद नव्हती. पण शिडी कोणाकडे आहे, घंटा कोणी वाजवायची, हे प्रत्येकाला ठाऊक होते. आज मी म्हणेन, ते आमच्या गावचे स्वयंसेवी अग्निशमन दल होते.

जगात हे नवल नाही. चिली देशात १८५१ साली वाल्पराइसो बंदरात स्वयंसेवकांची पहिली तुकडी उभी राहिली. आजही त्या देशात आग विझवतात ते स्वयंसेवकच. जर्मनीच्या लहान गावांतही सुतार, शिक्षक, दुकानदार इशारा मिळताच हातातले काम टाकून धावतात.

आपल्याकडे हे काम नगरपालिकांकडे आणि ३ जुलै २००९ पासून वसई-विरार महानगरपालिकेकडे आले. ते योग्यच झाले. वीज, गॅस, रसायने, उंच इमारती. हे बादलीचे काम नव्हे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. म्हणून १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. प्रशिक्षित माणसेही ज्यात जातात, असे हे काम आहे.

पण पगारी दल आले आणि आपण आपली रांग मोडून टाकली. माझी तक्रार आहे ती एवढीच.

एक वर्दी मला अजून झोपू देत नाही. तिसऱ्या मजल्यावर कढईतल्या तेलाने पेट घेतला होता. कोणीतरी घाबरून त्यावर पाणी ओतले आणि भडका उडाला. आम्ही नऊ मिनिटांत पोहोचलो. गल्लीतल्या दुचाक्या हलवण्यात आणखी सहा मिनिटे गेली. शेजारी जिन्यात उभे राहून आमची वाट पाहत होते. भली माणसे होती ती. आतल्या खोलीत एक आजी होत्या. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याही नव्हत्या, धुराने गेल्या. कढईवर झाकण टाकले असते, निदान बाहेर पडताना स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले असते, तर कदाचित त्या वाचल्या असत्या. आम्ही उशिरा पोहोचलो, हे मी आजही मान्य करतो. पण पहिली दहा मिनिटे आमची नसतातच. ती शेजाऱ्यांची असतात. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या रुग्णालयात काय झाले, हे इथे कोणाला सांगायला नको.

आता पाण्याचा हिशेब सांगतो. गाडीत साडेचार हजार लिटर पाणी असेल आणि एका होजमधून मिनिटाला साडेचारशे लिटर जात असेल, तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. दोन होज लावले तर पाच मिनिटांत. मग पाणी कुठून आणायचे? आमचा पंप सहा-सात मीटरपेक्षा खालचे पाणी ओढू शकत नाही, म्हणून खोल विहीर असून नसल्यासारखी. बावखल मात्र उथळ. सक्शन होज टाकला की पाणी सुरू. वाडवडिलांनी ती वाडीच्या शिंपणासाठी राखली, पण आगीच्या दिवशी तीच गावाची टाकी होती. आपण किती बुजवली, ते ज्याचे त्याने मोजावे. आमच्या आळीतले ते बावखल आता नाही. बुजवले तेव्हा मी नोकरीत होतो, जाणकार होतो, आणि गप्प बसलो. हेही आज इथे कबूल करतो.

म्हणून एक मागणे आहे. प्रत्येक आळीतल्या, प्रत्येक सोसायटीतल्या पाच-सहा माजी विद्यार्थ्यांनी नाव द्यावे. काम मोठे नाही. मेन स्विच कुठे आहे, एकटे वृद्ध कोणत्या घरात राहतात, जवळचे पाणी कुठे आहे आणि गाडी कोणत्या बाजूने आत येते, हे माहीत असले पाहिजे. तेल पेटले तर झाकण, गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद आणि खिडक्या उघड्या, धुरात जमिनीलगत सरकत बाहेर. आग आवाक्याबाहेर वाटली तर दार ओढून घ्या, माणसे बाहेर काढा, १०१ ला फोन करा. शौर्य दाखवायला आत शिरू नका. ज्यांना पुढे शिकायचे आहे, त्यांच्यासाठी नागरी संरक्षण दल आणि ‘आपदा मित्र’ योजना आहेत.

शिकवायला मी तयार आहे. उद्या सकाळी आठ वाजता शाळेच्या मैदानावर दोन अग्निशामक नळकांडी घेऊन उभा राहीन. पिन कशी काढायची आणि मारा ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी का करायचा, ते प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करून पाहावे.

आठवीत मी रिकाम्या बादल्यांच्या रांगेत होतो. निवृत्तीनंतर पुन्हा त्याच रांगेत उभा राहतो आहे. माझ्या पुढे-मागे कोणीतरी उभे राहा. एकट्याची रांग होत नाही.