बाजू दुप्पट, क्षेत्रफळ किती?

चौरसाची बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळही दुप्पट होतं, असं अनेक विद्यार्थ्यांना वाटतं. होतं मात्र ते चौपट. घनाचं घनफळ तर आठपट. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो, तेव्हा तोही दुप्पट क्षेत्रफळासाठी बाजू दुप्पट करायला निघतो. चूक इतकी जुनी आहे. ती निव्वळ आळसाची नव्हे. एककांतही ती डोकावते: 1 मीटर म्हणजे 100 सेंटिमीटर, पण 1 चौरस मीटर म्हणजे 10,000 चौरस सेंटिमीटर.

सूत्र पाठ असलं की गुण मिळतात, मग वर्गातला वेळ कशाला घालवायचा, असं कुणी म्हणेल. परीक्षेपुरतं ते खरंही आहे. पण 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर 1 सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. म्हणून 1 चौरस सेंटिमीटर म्हणजे अर्धा नव्हे, पाव चौरस किलोमीटर, म्हणजे 25 हेक्टर. इथे पाठांतर तोंडघशी पाडतं. तेव्हा शिक्षकांनी सूत्राआधी एक तास आलेख कागदावरच्या चौकटी मोजायला जरूर द्यावा.